बेचाळीस दिवसांची शिल्लक

जानेवारीच्या एखाद्या संध्याकाळी स्वित्झर्लंड किंवा दक्षिण जर्मनीतील डोंगराळ गावात एखाद्या घराच्या तळघरात डोकावले, तर एक विचित्र दृश्य दिसण्याची शक्यता असते. बाहेर हातभर बर्फ साचलेला असतो. आत भिंतीशी कपडे धुण्याचे यंत्र, जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे आणि मध्यभागी मागचे चाक काढून ट्रेनर नावाच्या जड यंत्रावर घट्ट बसविलेली सायकल असते. तिच्यावर चाळिशी-पंचेचाळिशीचा एक गृहस्थ तासाभरापासून पायडल मारीत असतो. समोर पंखा असतो, हँडलवर टॉवेल आणि खाली घामाचे लहानसे डबके. सायकल तसूभरही पुढे गेलेली नसते. त्याची पत्नी जिन्यातून एकदा डोकावून जेवण वाढले असल्याचे सांगते आणि तो हाताने ‘दहा मिनिटे’ अशी खूण करतो.

या गृहस्थाचे लक्ष तळघराच्या भिंतीकडे नसते. ते असते आफ्रिका खंडाच्या दक्षिण टोकाकडे, मार्च महिन्याकडे.

डोंगरातील सायकलस्वारीचा खेळ तसा फार जुना नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या मरिन परगण्यात, तामालपाइस पर्वताच्या परिसरात, १९७० च्या दशकात काही तरुण जाड टायरच्या जुन्या सायकली घेऊन मातीच्या उतारावरून खाली सुटत असत. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या तुंब्यात असे. एका उतरणीत तो इतका तापे की आतील ग्रीस जळून जाई आणि पुन्हा भरावे लागे. त्यावरूनच तेथील शर्यतीला ‘रिपॅक’ म्हणजे ‘पुन्हा भरा’ असे नाव पडले. पहिली रिपॅक शर्यत ऑक्टोबर १९७६ मधली. पुढच्याच वर्षी जो ब्रीझ याने केवळ या कामासाठी नवी फ्रेम घडविली आणि वीस वर्षांच्या आत, १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये, हा खेळ पदकांच्या यादीत जाऊन बसला. टवाळ तरुणांच्या उद्योगाला एवढ्या थोड्या काळात प्रतिष्ठा मिळाल्याची उदाहरणे क्रीडाक्षेत्रात फार नसतील.

दक्षिण आफ्रिकेतील केप एपिक ही शर्यत २००४ साली सुरू झाली. केव्हिन व्हर्माक या दक्षिण आफ्रिकी गृहस्थाने मध्य अमेरिकेतील कोस्टा रिका देशात अशीच एक अनेक दिवसांची शर्यत अनुभवली होती आणि तसे काही आपल्या वेस्टर्न केप प्रांतात व्हावे असे त्याला वाटले. आठ दिवस, साधारण सहाशे ते सातशे किलोमीटर आणि एकूण पंधरा हजार मीटरच्या आसपास चढण, असे तिचे ढोबळ माप असते. एव्हरेस्टची उंची ८,८४९ मीटर आहे हे ध्यानात घेतले म्हणजे त्या चढणीची कल्पना येते. मार्ग दरवर्षी बदलतो, पण वाळू, सुटे दगड, द्राक्षमळ्यांमधील पायवाटा आणि उघड्या टेकड्यांवरील ऊन बदलत नाही. जगातील नामवंत व्यावसायिक स्वार आणि कचेरीतून रजा काढून आलेले हौशी लोक एकाच मार्गावरून एकाच दिवशी जातात, हे तिचे वैशिष्ट्य. आणखी एक वैशिष्ट्य आहे, त्याकडे पुढे वळू.

शर्यत मार्चमध्ये. तेव्हा दक्षिण गोलार्धात उन्हाळा सरत आलेला असतो. युरोपातील हौशी स्वाराला मात्र तिची तयारी नेमकी वर्षातील सर्वांत थंड, सर्वांत अंधाऱ्या दिवसांत करावी लागते. म्हणून जानेवारी आणि फेब्रुवारी हे त्याचे कसोटीचे महिने. मार्चमध्ये जे दिसते ते या दोन महिन्यांत ठरून गेलेले असते.

या दोन महिन्यांचा हिशेब ठेवण्याची एक पद्धत आहे आणि ज्यांनी आयुष्यात खतावणी पाहिली आहे त्यांना ती चटकन समजेल. कॅनडातील सायमन फ्रेझर विद्यापीठातील एरिक बॅनिस्टर यांनी १९७५ च्या सुमारास असे मांडले की प्रत्येक सरावाच्या शरीरावर दोन नोंदी होतात. एक जमेची, म्हणजे क्षमतेची. दुसरी नावेची, म्हणजे थकव्याची. जमेची नोंद सावकाश वाढते आणि सावकाश ओसरते. थकव्याची नोंद झपाट्याने वाढते आणि झपाट्याने ओसरते. कोणत्याही दिवशी स्वार कसा धावेल हे या दोहोंतील फरकावर अवलंबून असते.

पुढे सायकलच्या क्रँकवर बसणारे शक्तिमापक यंत्र, ज्याला पॉवर मीटर म्हणतात, ते आले. जर्मनीतील उलरिख शोबेरर या अभियंत्याने १९८० च्या दशकात ते व्यवहारात आणले. पायाने किती वॅट शक्ती लावली हे प्रत्येक क्षणी कळू लागल्यावर बॅनिस्टर यांच्या विचाराला आकडे मिळाले. आज सर्वत्र रूढ असलेल्या पद्धतीत असे धरतात की एखादा स्वार तासभर जेवढी जास्तीत जास्त शक्ती टिकवू शकतो, त्या शक्तीने एक तास सायकल चालविली तर १०० गुण जमा होतात. त्या शक्तीच्या ६५ टक्के जोराने दोन तास चालविली तर सुमारे ८५ गुण. रोजच्या गुणांची बेचाळीस दिवसांच्या मुदतीने काढलेली भारित सरासरी म्हणजे क्षमता, सात दिवसांच्या मुदतीने काढलेली सरासरी म्हणजे थकवा. पहिलीतून दुसरी वजा केली की त्या दिवसाची तयारी कळते.

ही सरासरी साधी नाही, जुन्या नोंदींचे वजन दिवसागणिक घटविणारी आहे आणि त्यामुळे तिचे काही परिणाम नवख्याला चकित करतात. समजा, एखाद्याने शून्यापासून आरंभ करून रोज ५० गुण नियमाने जमा केले. बेचाळीस दिवसांनंतर त्याच्या खात्यावर ५० दिसतील अशी त्याची अपेक्षा असते. दिसतात जेमतेम ३२. उरलेल्या अठरांसाठी त्याला तोच नेम महिनोन्महिने चालवावा लागतो. उलट बाजूने पाहा: खात्यावर ६० आहेत आणि जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात ताप येऊन तो दोन आठवडे अंथरुणास खिळला. उठल्यावर शिल्लक ४३. दोन आठवड्यांत गेलेले सतरा गुण परत मिळविण्यास दोन आठवडे पुरत नाहीत, त्याहून कितीतरी अधिक लागतात. चक्रवाढ व्याज ठेवीदाराच्या बाजूने असते तेव्हा सर्वांना ते आवडते. येथे ते बहुधा विरुद्ध बाजूने लागते.

या तक्त्यावर अनेकांचा जीव जडतो. रोज रात्री तो उघडून पाहणे, निळी रेषा किंचित वर गेली की समाधान मानणे, एक दिवस चुकला की अस्वस्थ होणे, असा त्यांचा क्रम होऊन बसतो. पासबुकावर नोंद करून घेण्यासाठी दर सोमवारी रांगेत उभे राहणाऱ्या ठेवीदारासारखीच ही माणसे. त्यात गैर काही नाही. फक्त इतकेच, की रेषा वर नेण्यासाठी सराव करणे आणि डोंगर चढण्यासाठी सराव करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि फेब्रुवारीच्या मध्यावर त्यांची गल्लत फार जणांची होते.

आता जानेवारीत नेमके काय करावयाचे? बहुतेक सर्व अनुभवी प्रशिक्षकांचे उत्तर नवख्याला निराश करणारे असते: सावकाश चालवा. नॉर्वेत काम करणारे अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ स्टीफन सायलर यांनी अव्वल दर्जाचे धावपटू, स्कीपटू, नौकाचालक यांच्या सरावाच्या नोंदी तपासल्या, तेव्हा त्यांना दिसले की या लोकांच्या दर दहा सरावांपैकी सुमारे आठ सौम्य असतात. सौम्य म्हणजे इतके की शेजारच्याशी पूर्ण वाक्यांत बोलता यावे. हौशी माणूस याच्या उलट करतो. त्याच्याजवळ वेळ थोडा असतो, म्हणून प्रत्येक तासातून जास्तीत जास्त वसूल करावे या हेतूने तो रोज अर्धवट जोर लावतो. तो जोर विश्रांती होण्याइतका कमी नसतो आणि शरीराला नवा धडा मिळण्याइतका जास्तही नसतो. महिनाभराने तो दमलेला असतो आणि जेथे होता तेथेच असतो, त्याच्या तळघरातील सायकलीसारखा.

सौम्य सरावाचे फळ डोळ्यांना दिसत नाही म्हणूनच तो कंटाळवाणा वाटतो. स्नायूंत सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे दाट होते. पेशींतील ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकाँड्रियांची संख्या व कार्यक्षमता वाढते. हृदय एका ठोक्यात अधिक रक्त ढकलू लागते. साठविलेली चरबी इंधन म्हणून वापरण्याची सवय शरीराला लागते, त्यामुळे मर्यादित असलेली साखर कठीण चढासाठी राखून ठेवता येते. या सर्वांचा पुरावा एका साध्या आकड्यात मिळतो. जानेवारीच्या आरंभी हृदयगती मिनिटाला १३५ असताना एखाद्याच्या पायातून १५० वॅट निघत असतील, तर फेब्रुवारीच्या अखेरीस त्याच १३५ ठोक्यांवर १६० किंवा १६५ निघू लागतात. खरी प्रगती ती. पण ती दिसायला सात-आठ आठवडे जावे लागतात, आणि मधल्या काळात विश्वासावर चालावे लागते.

तीन आठवडे भार वाढवीत न्यावयाचा आणि चौथा आठवडा हलका ठेवायचा, अशी एक जुनी रीत आहे. चौथ्या आठवड्यात काहीच होत नाही असे वाटते. वस्तुतः जे व्हायचे ते त्याच आठवड्यात होते, कारण शरीर घडते ते विश्रांतीत.

तक्त्यात न बसणाऱ्या गोष्टी मात्र थोड्या नाहीत. पर्वतीय सायकलस्वार रस्त्यावरच्या स्वारासारखा एका लयीत जात नाही. क्षणात दगडी पायरीवर चढण्यासाठी पूर्ण ताकद, दुसऱ्या क्षणी उतारावर पायडल बंद, पण दंड, खांदे, कंबर आणि बोटे ब्रेकवर सतत ताणलेली. उतारावर पॉवर मीटर शून्य दाखवीत असतो आणि स्वार घामाघूम झालेला असतो. तळघरातील ट्रेनरवर पाय तयार होतात, नजर तयार होत नाही. ओलसर मुळावरून चाक घसरू लागले असता हात सैल ठेवणे, वळणापूर्वी वेग कमी करणे आणि वळणात ब्रेक न दाबणे, जेथे जायचे तिकडे पाहणे आणि ज्या दगडाची भीती वाटते त्याकडे न पाहणे, हे मातीवरच शिकावे लागते. दहा वेळा जगज्जेता झालेला स्वित्झर्लंडचा निनो शुर्टर याचा व्यायामशाळेतील सराव या दृष्टीने प्रसिद्ध आहे. जीव तोडून केलेल्या व्यायामापाठोपाठ तो तोल सांभाळण्याचे, हात आणि डोळे यांचा मेळ घालण्याचे खेळ करतो. धाप लागलेली असताना बुद्धी शाबूत राहावी, हा त्यामागील हेतू. ज्यांना परवडते ते स्वार म्हणूनच फेब्रुवारीत कॅनरी बेटांवर किंवा थेट स्टेलेनबॉशला जाऊन राहतात. तेथील योंकर्सहूक खोऱ्यातील पायवाटांवर त्या दिवसांत युरोपातील अनेक भाषा ऐकू येतात.

आपल्याकडील ऋतुमान या बाबतीत उदार आहे. सह्याद्रीत जानेवारी-फेब्रुवारी म्हणजे कोरड्या वाटा, थंड पहाट आणि निरभ्र आकाश. पुण्याचे स्वार अंधारातच सिंहगडाच्या वाटेला लागतात आणि कचेरीची वेळ होण्यापूर्वी घरी परततात. तळघराची गरज नाही. मार्च उजाडला की ऊन तापू लागते आणि जूनमध्ये वाटा चिखलात जातात, त्यामुळे येथेही वर्षाचे पहिले दोन महिनेच सोन्याचे.

थंडीतील आजारपण हा या काळातील सर्वांत मोठा शत्रू. प्रशिक्षकांमध्ये एक ढोबळ नियम प्रचलित आहे: त्रास मानेच्या वर असेल, म्हणजे नाक वाहणे, शिंका, तर हलका सराव चालेल, मानेच्या खाली उतरला असेल, म्हणजे छातीत कफ, अंगदुखी, ताप, तर सायकलला हात लावू नये. तापात जोर केल्यास हृदयाच्या स्नायूला सूज येण्याचा धोका असतो. तो दुर्मीळ असला तरी त्यावर जुगार खेळण्यासारखा नाही. हा नियम सर्वांना पाठ असतो. तरीही ‘आज फक्त पाऊण तास’ म्हणून तापात ट्रेनरवर चढणारे असतातच, कारण तक्त्यावरची रेषा खाली जाणे त्यांना पाहवत नाही.

दुसरी चूक खाण्याची. नव्या वर्षात वजन घटविण्याचा संकल्प आणि शर्यतीचा सराव, दोन्ही एकाच महिन्यात सुरू केले जातात. चढणीवर हलके शरीर उपयोगी पडते हे खरे. पण रोज दोन तास घाम गाळून ताटात कमी वाढून घेतल्यास शरीर खर्च इतरत्र कापते. झोप बिघडते, चिडचिड वाढते, हाडे दुबळी होऊ लागतात, स्त्रियांची मासिक पाळी अनियमित होते किंवा थांबते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेची स्वतंत्र नावाने दखल घेतली आणि ती पुरुषांनाही होते हे स्पष्ट केले. लांब सरावात दर तासाला साठ ग्रॅमच्या आसपास पिष्टमय किंवा शर्करायुक्त अन्न घ्यावे, असे सर्वसाधारणपणे सांगतात. त्यासाठी महागड्या पुड्याच हव्यात असे नाही. केळी, खजूर, गुळाची पोळी यांवर उत्तम निभते. शाकाहारी स्वारांनी ब-१२ जीवनसत्त्व आणि लोह यांची रक्ततपासणी वर्षारंभी करून घेणे मात्र शहाणपणाचे. थकवा सरावाचा आहे की रक्तातील उणिवेचा, हे तक्ता सांगू शकत नाही.

आता ते राहून गेलेले वैशिष्ट्य. केप एपिकमध्ये एकट्याला प्रवेश नाही. दोघांनी मिळून नाव नोंदवायचे आणि आठही दिवस दोघांनी एकत्र जायचे. दोघांमध्ये दोन मिनिटांहून अधिक अंतर पडता कामा नये. पडल्यास दंडाची वेळ चढते. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी पार करणारी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही रस्त्यावरची शर्यत दोघांच्या संघात पूर्ण केली, तेव्हा मराठी वाचकांना जोडीने सायकल चालविण्याची थोरवी कळली होती. परंतु त्या शर्यतीत एक चालवितो तेव्हा दुसरा विसावू शकतो. येथे तशी सोय नाही. प्रत्येक चढ दोघांनाही चढायचा असतो आणि जोडीचा वेग म्हणजे नेहमीच दोघांपैकी मंद असलेल्याचा वेग.

बँकेत संयुक्त खाते उघडताना एक रकाना भरून घेतात: व्यवहार दोघांपैकी कोणीही एक करू शकेल, की दोघांच्या सह्या लागतील? घाईत असलेले खातेदार त्याकडे लक्ष देत नाहीत आणि पुढे अडचणीत येतात. एपिकचे खाते दुसऱ्या प्रकारचे आहे. एकाच्या सहीने तेथे काहीच चालत नाही. त्यामुळे जानेवारीतील खरा प्रश्न आपली तयारी किती हा नसतो, तर आपल्या तयारीविषयी जोडीदाराला खरे किती सांगितले हा असतो.

आणि येथेच माणसे चुकतात. दोन मित्र सप्टेंबरमध्ये उत्साहाने नाव नोंदवितात. प्रवेशशुल्क लहान नसते, विमानाचे भाडे वेगळे. डिसेंबरात एकाची नोकरी बदलते, किंवा घरात वडील आजारी पडतात, किंवा गुडघा दुखू लागतो. तो सराव निम्म्यावर आणतो. पण फोनवर मित्राने विचारले की ‘ठीक चालले आहे’ एवढेच सांगतो. संकोच असतो, स्वतःविषयी खोटी आशा असते, आणि मित्राचा हिरमोड होऊ नये हा सद्‌भावही असतो. दुसरा मात्र त्या उत्तरावर विसंबून शर्यतीची गणिते मांडीत राहतो. मार्चमध्ये तिसऱ्या दिवशी, दुपारच्या उन्हात, एखाद्या वाळूच्या चढावर ते ‘ठीक’ उघडे पडते. मग पुढचा वर उभा राहून मागे पाहतो, मागचा मान खाली घालून सायकल ढकलतो आणि दोघेही काही बोलत नाहीत. जानेवारीत सांगितले असते तर वेग, अपेक्षा, कदाचित जोडीदारही बदलता आला असता. अनेक जोड्या आता आपापले तक्ते एकमेकांना खुले ठेवतात. चांगली सुधारणा आहे. पण आकडा सांगतो की सराव झाला नाही, का झाला नाही हे तोंडानेच सांगावे लागते.

जोडीदार शर्यतीतून बाहेर पडल्यास उरलेल्याला एकट्याने पुढे जाता येते. जोडी म्हणून नोंद मात्र राहत नाही.

या संदर्भात बरी स्टँडर आणि क्रिस्टॉफ साउझर यांची कथा सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. साउझर स्वित्झर्लंडचा, अनुभवी, माजी जगज्जेता. स्टँडर दक्षिण आफ्रिकेचा, त्याच्याहून दहा-अकरा वर्षांनी लहान, २००९ चा तेवीस वर्षांखालील जगज्जेता. दोघांनी २०११ मध्ये केप एपिक जिंकली आणि ती जिंकणारा स्टँडर हा पहिला दक्षिण आफ्रिकी ठरला. २०१२ मध्ये दोघांनी ती पुन्हा जिंकली. त्याच वर्षी लंडन ऑलिंपिकमध्ये स्टँडर पाचवा आला. स्टेलेनबॉशजवळच्या कायामंडी या कष्टकरी वस्तीतील मुलांसाठी साउझरने सॉन्गो फिपाझा या स्थानिक मित्राबरोबर एक उपक्रम उभा केला होता आणि या जोडीच्या जर्सीवर त्याचे नाव असे.

३ जानेवारी २०१३. वर्ष नुकतेच उजाडलेले, मार्चच्या शर्यतीसाठी पायाभरणीचे दिवस. क्वाझुलू-नाताल प्रांताच्या दक्षिण किनाऱ्यावरील शेली बीच येथे, स्वतःच्या परिसरातील ओळखीच्या रस्त्यावर, सरावाला बाहेर पडलेल्या स्टँडरची एका मिनीबस टॅक्सीशी टक्कर झाली आणि त्याचा जागीच अंत झाला. वय पंचवीस. आदल्या वर्षीच त्याचा विवाह झाला होता; पत्नीही सायकलपटू होती.

पर्वतातील कडे, दगड, उतार यांनी त्याला काही केले नाही. जे घडले ते डांबरी रस्त्यावर. डोंगराकडे जाणारा स्वार आधी रस्त्यावरूनच जातो, आणि पहाटेच्या सरावाला निघणाऱ्या प्रत्येकाच्या घरी जी धाकधूक असते ती डोंगराची नसून त्या रस्त्याची असते. मुंबई-पुणे परिसरातील घरांना हे वेगळे सांगावयास नको. मागचा लाल दिवा, चमकणारे जाकीट, एकापाठोपाठ एक चालणे, हे सर्व स्वाराच्या हातचे. मागून येणारे वाहन त्याच्या हातचे नसते. वाहनचालकाने सायकलला दीड मीटर जागा द्यावी असा काही देशांत कायदाच आहे. आपल्याकडे ती जागा बहुधा हॉर्न वाजवून मागितली जाते, दिली जात नाही.

शर्यतीला दहा आठवडे राहिले होते. साउझरपुढे दोन मार्ग होते: त्या वर्षी न जाणे, किंवा दुसऱ्याबरोबर जाणे. तो गेला. बरोबर आला झेक स्वार यारोस्लाव्ह कुल्हावी, लंडनचा सुवर्णपदक विजेता, जो आदल्या ऑगस्टमध्ये स्टँडरशी स्पर्धा करून जिंकला होता. त्यांच्या संघाच्या नावात स्टँडरचे नाव घातलेले होते. मार्च २०१३ मध्ये त्या दोघांनी केप एपिक जिंकली. जानेवारीत स्टँडरने केलेल्या सरावाची नोंद कोणत्या खात्यात धरायची, हे ठरविणारा तक्ता कोणी बनविलेला नाही.

२०२० मध्ये वेगळ्या प्रकारचे नुकसान झाले. शर्यत १५ मार्चला सुरू व्हायची होती आणि १३ मार्चला, करोनाच्या साथीमुळे, ती रद्द झाल्याचे जाहीर करण्यात आले. अनेक स्वार तोवर केपटाउनला पोहोचले होते, सायकली जोडून झाल्या होत्या. चार-पाच महिन्यांची जमा एका संध्याकाळी निरुपयोगी ठरली. मुदत ठेव असती तर पुढे वळती करता आली असती. ही शिल्लक कोठेही वळती होत नाही. टाळेबंदीच्या पहिल्या सहा आठवड्यांतच तिच्यातील बरीचशी ओसरली. पुढची शर्यत झाली ती ऑक्टोबर २०२१ मध्ये. तिला गेलेल्यांपैकी कित्येकांना सारे पुन्हा पहिल्यापासून जमवावे लागले. काहींनी पुढे असे सांगितले की त्या टाळेबंदीत, शर्यत नसतानाही तळघरात पायडल मारीत राहण्याने त्यांना सावरले. त्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

फेब्रुवारी संपता संपता तळघरातील गृहस्थ एक दिवस पंखा बंद करतो. बाहेर अजून शून्याखाली तापमान आणि मार्चमध्ये कदाचित पस्तीस अंशांवर चढ चढायचे. शरीराला उष्णतेची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात, म्हणून पंख्याविना सराव, त्यानंतर गरम पाण्याचा टब. घरातील लोकांना हा प्रकार वेडेपणाचा वाटतो. परंतु त्या दिवसांत रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, घाम लवकर सुटू लागतो, हृदयावरचा ताण कमी होतो. याच सुमारास ट्रेनरवरून उतरविलेल्या सायकलीची तपासणीही करावी लागते. दोन महिने घाम ठिबकून हँडलखालच्या बेअरिंगला आणि बोल्टला गंज चढलेला असतो, आणि तो नेमका निघण्याच्या आदल्या रात्री सापडावा असा जणू नियमच आहे. टायरमधील सीलंट वाळून गेलेले असते, तेही नव्याने भरावे लागते.

शेवटच्या दहा-बारा दिवसांत सराव निम्म्यावर येतो. ज्याने इतके आठवडे रेषा वर नेण्यात घालविले त्याला आता ती मुद्दाम खाली जाऊ द्यावी लागते. बेचाळीस दिवसांची शिल्लक थोडीशी घटते, सात दिवसांचा थकवा मात्र भराभर उतरतो, आणि दोहोंतील फरक प्रथमच जमेच्या बाजूला जातो. गणित स्वच्छ आहे. तरीही या दिवसांत पाय जड वाटतात, क्षमता निसटत चालल्याचा भास होतो आणि चोरून एक शेवटचा कडक सराव करावा असा मोह होतो. जोडीदाराला फोन करून विचारले तर त्याचीही तीच अवस्था असते. या वेळी मात्र ‘ठीक चालले आहे’ असे तो म्हणत नाही. गुडघा अजून थोडा दुखतो आहे, चौथ्या दिवशीच्या लांब टप्प्याची भीती वाटते, असे सांगतो. मग दोघे ठरवितात की पहिले तीन दिवस त्याच्या वेगाने जायचे.

रविवारी सकाळी प्रारंभीच्या फेरीसाठी जोड्या एकेक करून उतरत्या फळीवरून सोडल्या जातात. दोघांच्या हँडलवर एकच क्रमांक असतो.